९१२ धावा आणि एक दवाखाना

इंदूरला सकाळी सातच्या सुमारास राजवाड्याच्या आसपास कुठंही उभं राहावं. पोहेवाल्याकडे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मोठी परात ठेवलेली असते आणि पिवळेधमक पोहे वाफेवर मऊ राहतात. तो डावभर पोहे बशीत घालतो, वर बारीक शेव, कांदा, लिंबाची फोड आणि चिमूटभर जिरावन. शेजारच्या कढईतून जिलबी निघत असते. एवढं हातात आलं की माणसं ओट्यावर टेकतात आणि बोलायला लागतात.

हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्याचा एक ठरलेला मार्ग आहे. सुरुवात क्रिकेटनं होते. “आपल्याकडं एक धड फास्ट बोलर टिकत नाही, भिया. पोराचा गुडघा गेला.” लगेच दुसरे काका स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवतात. गुडघ्यावरून गोष्ट ऑपरेशनच्या खर्चावर, तिथून आयुष्मान कार्डावर. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय २०२४ पासून झाली, ती आपल्याला लागू आहे की नाही, कार्ड कुणाच्या पोरानं काढून दिलं, कोणता दवाखाना ते घेतो. तिथून सरकार. सरकारवरून भोपाळ आणि इंदूर यांचं जुनं दुखणं. आणि बशी रिकामी होईपर्यंत पुन्हा क्रिकेट.

बाहेरगावचा पाहुणा म्हणतो, गप्पा भरकटल्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग या शहराच्या गेल्या शंभर वर्षांच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या आणि थक्क झालो. संघ, दवाखाना आणि राज्य या इंदूरच्या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच. त्या एकाच घरातून निघाल्या, एकाच तिजोरीवर वाढल्या आणि एकाच वर्षी तिघींचं नशीब बदललं. ओट्यावरची माणसं नकळत हा जुना रस्ता रोज पायाखाली घालतात.

संघापासून सुरुवात करू. १९२३ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांनी नागपूरच्या एका उंच, ताठ खेळाडूला इंदूरला बोलावून घेतलं. त्याला होळकरांच्या लष्करात हुद्दा दिला. हे होते कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सगळ्यांचे सी. के. तीन वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, मुंबई जिमखान्यावर एमसीसीच्या इंग्रज गोलंदाजांना त्यांनी ११ षटकार ठोकले आणि दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. पुढं १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हा कर्णधार तेच होते.

हुद्द्याची ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळं यंत्र त्यावर चालत होतं. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरत नसे. संस्थानानं खेळाडूला लष्करात घ्यायचं, पगार द्यायचा, राहायला जागा द्यायची, म्हणजे घरची चिंता मिटायची आणि तो दिवसभर जाळ्यात घाम गाळायचा. म्हणून त्या संघाच्या नावांपुढं लष्करी हुद्दे दिसतात. कर्नल सी. के. नायडू, कॅप्टन मुश्ताक अली, मेजर जगदाळे. आजच्या भाषेत सांगायचं तर क्रिकेट हे होळकर दरबाराचं एक खातंच होतं. ज्या तिजोरीतून पाणी, शाळा आणि दवाखाने चालत, तिच्यातूनच बॅटही येत होती.

या खात्यानं काय पीक काढलं ते पाहा. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत होळकर संघ १० वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. एका शहराच्या संघानं!

त्यातला एक धावफलक मी तासन्‌तास पाहू शकतो. १९४५-४६ चा उपांत्य सामना, इंदूर, समोर म्हैसूर. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. एकाच डावात सहा शतकं. ८ बाद ९१२ वर डाव घोषित. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात सहा जणांनी शतकं काढल्याचं उदाहरण त्याआधी नव्हतं. या सहांची बेरीज ७८० होते. बाकीचे फलंदाज आणि अवांतर मिळून उरतात १३२. आणि त्या यादीत मराठी आडनावं किती सहज बसली आहेत पाहा. त्याच हंगामातल्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या. तेव्हा त्यांचं वय होतं ५०.

मराठी माणसाची खरी ओढाताण झाली ती मार्च १९४५ मध्ये. अंतिम सामना मुंबईविरुद्ध, मुंबईतच. इंदूरच्या घराघरात मुंबई-पुण्याची नाती होती. बोली मुंबईकडं ओढत होती, पाणी इंदूरचं होतं. विजय मर्चंटनी २७८ काढल्या. दुसऱ्या डावात होळकरांपुढं ८६७ धावांचं लक्ष्य होतं. असं लक्ष्य पाहून कुणीही बॅट खाली ठेवावी. पण मुश्ताक अलींनी सामन्यातलं दुसरं शतक काढलं, आणि महूच्या छावणीत नेमणूक असलेला एक इंग्रज सैनिक शेवटपर्यंत नाबाद राहिला. त्याचं नाव डेनिस कॉम्प्टन, धावा २४९. होळकर ३७४ धावांनी हरले. सामन्यात एकूण धावा झाल्या २,०७८. महायुद्ध चालू होतं म्हणून इंग्लंडचा एक महान फलंदाज महूला आला होता, आणि महू इंदूरच्या उशाशी होतं म्हणून तो होळकरांकडून खेळला. जगाचं राजकारण धावफलकावर असं उमटतं.

दोन वर्षांनी बडोद्यानं या संघाला जमिनीवर आणलं. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली आणि होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. ओट्यावर हा सामना आजही कुणी मोठ्यानं काढत नाही.

आता दवाखान्याकडं वळतो. इथंही मला खेळच सापडला, हे नवल.

१९१७ साली इंदूरला प्लेगनं ग्रासलं होतं. तेव्हा होळकर दरबारानं शहराच्या आखणीसाठी पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला बोलावलं होतं. गेडिस गल्लीबोळांतून हिंडत, घरं पाहत, आड मोजत. लोक सुरुवातीला त्यांना पाहून बिचकत, कारण साहेब आला की घर पाडायला आला असंच वाटे. गेडिसना कळून चुकलं की नोटिसा लावून घरं स्वच्छ होणार नाहीत. त्यांनी एका दिवसासाठी महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. अट एकच होती. मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या मोहल्ल्यात सर्वांत जास्त घरं झाडून-सारवून-रंगवून झाली असतील, झाडं लावली असतील, त्या मोहल्ल्यातून ती जाईल.

झालं! शहरात चुरस लागली. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून माणसं उकिरडे उपसायला लागली. गाड्यांवर गाड्या कचरा बाहेर गेला. दिवाळीच्या दिवशी मिरवणूक निघाली तेव्हा तिच्यात प्लेगचा उंदीर होता, हिवतापाचा डास होता, घाणीचा प्रचंड राक्षस होता. सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, नवे झाडू खांद्यावर घेऊन, गळ्यात हार घालून मानानं चालत होते. लोकांना तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी राक्षसाचं दहन झालं. पुढच्या वर्षी गेडिसनी इंदूरवरचा आपला दोन खंडांचा अहवाल दरबाराला दिला. नगररचनेचे विद्यार्थी तो आजही वाचतात.

यातली गंमत लक्षात घ्या. गेडिसनी आरोग्याला सामना करून टाकलं. आपला मोहल्ला विरुद्ध शेजारचा मोहल्ला. हार-जीत, गुण, बक्षीस, मिरवणूक. ज्या ईर्षेनं माणूस आपल्या संघासाठी घसा कोरडा करतो, तीच ईर्षा त्यांनी झाडूला जोडली. १०० वर्षांनी, २०१७ मध्ये, देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत इंदूर पहिलं आलं आणि त्यानंतर वर्षामागून वर्ष पहिलं येत राहिलं. ओट्यावरचे काका हा निकाल रणजीच्या निकालासारखा सांगतात. “सलग किती वेळा, मोज.” गेडिस पाहायला असते तर त्यांना हे सगळं ओळखीचं वाटलं असतं.

दरबाराच्या तिजोरीनं दवाखान्यांनाही नावं दिली. बायकांसाठीचा महाराजा तुकोजीराव दवाखाना, ज्याला सगळे एमटीएच म्हणतात. आणि सात मजली महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे एमवाय. ही इमारत पन्नाशीच्या दशकात उभी राहिली. खंडवा, खरगोन, धार, झाबुआपासून माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन तिथं येतात. पहाटे दाराशी पाहिलं तर निमाडी, मालवी, भिली, मराठी सगळ्या बोली एकाच रांगेत उभ्या दिसतात.

आणि आता राज्य. ज्या वर्षावर मी थक्क झालो ते १९४८. मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघानं इंदूरमध्ये मुंबईला ९ गडी राखून हरवलं. शहर आनंदानं वेडं झालं असणार. २८ मे रोजी मध्यभारत अस्तित्वात आलं. होळकर आणि शिंदे यांच्यासह माळव्यातली संस्थानं एकत्र आली आणि होळकरांचं राज्य संपलं. त्याच वर्षी इंदूरला महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याचं शिक्षण पुढं एमवायच्या मजल्यांवर चालू लागलं. करंडक, राज्य, वैद्यकी. तिघींच्या पत्रिकेत एकच वर्ष!

संघ लगेच मेला नाही. राज्य गेल्यावरही होळकर हे नाव सात हंगाम मैदानावर टिकलं. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू ५६ वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर आदळला. दात पडले. सांगतात की त्यांनी ते खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचार नाकारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. ओट्यावर दवाखान्याचा विषय क्रिकेटकडं वळतो तो बहुतेक वेळा याच दातांवरून. १९५४-५५ मध्ये इंदूरला मद्रासनं होळकरांना अवघ्या ४६ धावांनी हरवलं आणि ते नाव धावफलकावरून उतरलं. पुढच्या हंगामात मैदानात आला तो मध्यभारताचा संघ. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि संघही मध्य प्रदेशाचा झाला. खेळाडूंनी काही केलं नव्हतं. नकाशा बदलला होता.

ओट्यावरचे काका भोपाळचं नाव काढतात तेव्हा एवढं सगळं त्यांच्या आवाजात असतं.

हे इंदूरचंच वेगळेपण म्हणावं तर जग वेगळं सांगतं. दीड हजार वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलला रथांच्या शर्यती होत. निळे आणि हिरवे असे दोन गट होते. त्यांचे समर्थक मैदानातूनच सम्राटाला आपल्या तक्रारी ओरडून सांगत, कारण सम्राट तिथं समोर बसलेला असे. इ.स. ५३२ मध्ये ते दोन्ही गट एक झाले आणि राजधानी पेटली. नोव्हेंबर १९४५ मध्ये कोलकात्याला निवड समितीनं आपल्या मुश्ताक अलींना वगळलं, तेव्हा लोकांनी “नो मुश्ताक, नो टेस्ट” अशा घोषणा दिल्या आणि मुश्ताक अलींना संघात घ्यावं लागलं. त्याच महिन्यात त्याच शहरात आझाद हिंद फौजेच्या कैद्यांसाठी मोर्चे निघत होते. घोषणा द्यायला शिकलेला गळा मैदानावर आला की गप्प कसा बसेल?

अमेरिकेतली बेसबॉलची एक गोष्ट तर इंदूरच्या इतकी जवळची आहे की अंगावर काटा येतो. २२ मे १९४८. मध्यभारत होण्याच्या बरोबर सहा दिवस आधी. बॉस्टनच्या रुग्णालयात कर्करोगानं आजारी असलेल्या एका मुलाच्या खाटेभोवती बॉस्टन ब्रेव्ह्ज या त्याच्या लाडक्या बेसबॉल संघाचे खेळाडू जमले. रेडिओवर देशभर ते ऐकू गेलं. मुलाला नाव दिलं होतं जिमी. ऐकणाऱ्यांनी पैसे पाठवले, आणि डॉ. सिडनी फार्बर यांच्या बालकर्करोगावरच्या कामासाठी ‘जिमी फंड’ उभा राहिला. पाच वर्षांनी ब्रेव्ह्ज संघ बॉस्टन सोडून मिलवॉकीला निघून गेला. लोकांचा संघ गेला. पण तो निधी तसाच वाऱ्यावर पडला नाही. शहरातल्या दुसऱ्या संघानं, रेड सॉक्सनं, तो आपला मानला आणि आजवर सांभाळला.

संघ गेला, दवाखाना उरला. बॉस्टनला मालकाच्या निर्णयानं, इंदूरला राज्याच्या विलीनीकरणानं. दोन्हीकडं बेसबॉलवर किंवा क्रिकेटवर बोलायला बसलेली माणसं औषधापर्यंत आणि सरकारपर्यंत पोहोचतात, कारण त्यांनी हे तिन्ही धागे एकाच गाठीत पाहिलेले असतात. संघावरचं प्रेम म्हणजे आपल्या गावानं एकत्र मिळून काही केल्याची आठवण. दवाखाना हीसुद्धा तीच आठवण, फक्त विटांची. आणि राजकारण म्हणजे ते पुन्हा कोण करणार, याची रोजची विचारपूस.

इंदूरचं करंडकाची वाट पाहणं ६९ वर्षांनी संपलं. २६ जून २०२२. बंगळुरूचं चिन्नास्वामी मैदान, रणजीचा अंतिम सामना, समोर ४१ वेळा करंडक जिंकलेली मुंबई. मुंबईच्या ३७४ ला उत्तर देताना यश दुबेनं १३३, शुभम शर्मानं ११६ आणि इंदूरच्या रजत पाटीदारनं १२२ धावा केल्या. मध्य प्रदेशाचा डाव ५३६ वर थांबला. विजय ६ गडी राखून. प्रशिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित. १९९८-९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशाचे कर्णधार म्हणून ते कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. २३ वर्षांनी त्याच गवतावर त्यांचे डोळे भरून आले. मुंबईच्या मराठी माणसानं इंदूरच्या संघाला मुंबईविरुद्ध जिंकून दिलं. मार्च १९४५ ची ती ओढाताण मला आठवली, आणि वाटलं, कुणीतरी दोन्ही टोकं एकत्र बांधली.

परवा मी बाहेरगावहून बसनं आलो आणि सरवटे बसस्थानकावर उतरलो. एक तरुण सोबत्याला सांगत होता की हे नाव क्रिकेटपटू चंदू सरवटे यांचं. चूक मन मोहून टाकणारी होती. चंदू सरवटे खरेच अचाट होते. म्हैसूरविरुद्धच्या त्या ९१२ च्या सामन्यात शतकाबरोबर त्यांनी एका डावात ६१ धावांत ९ बळी घेतले. मे १९४६ मध्ये ओव्हलवर भारताचे २०५ धावांत ९ गडी गेले होते, तेव्हा त्यांनी शूट बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या आणि दोघांनीही शतकं काढली. ते वकिली शिकले होते, बोटांच्या ठशांचे जाणकार होते, आणि १९८३ चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत होते. पण बसस्थानक वि. सी. सरवटे यांच्या नावाचं आहे. तात्या सरवटे. स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेत मध्यभारताचे सदस्य, इंदूरच्या मराठी जीवनाचे आधार, १९६६ चे पद्मभूषण.

मी त्या तरुणाला थांबवून दोन्ही सरवट्यांची गोष्ट सांगितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “काका, मी एमवायला निघालोय, आजी भरती आहे. संध्याकाळी होळकर स्टेडियमवरून जाईन.”

तो गर्दीत मिसळला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. राजकारणातल्या माणसाच्या नावाच्या स्थानकावर उतरून, महाराजांच्या नावाच्या दवाखान्यात आजीला पाहून, नकाशावरून पुसलेल्या संघाच्या नावाच्या मैदानावरून घरी जाणारा तो पोरगा. सकाळी ओट्यावर सगळे बोलतात तो रस्ता एका दिवसात चालून जाणार होता.